हँगार्डच्या माळ्यांना आणि पाथरवटांना आभाराचे पत्र

फ्रान्सच्या सॉम भागातल्या हँगार्ड युद्धस्मशानाची निगा राखणाऱ्या सर्वांस,
सप्रेम नमस्कार.

आमच्या मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर तुमच्याकडे विसावले आहेत. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात अधिकारी झालेल्या मोजक्या भारतीय वैमानिकांपैकी ते एक. २७ जून १९१८ रोजी २३ व्या स्क्वाड्रनचे सॉपविथ डॉल्फिन हे लढाऊ विमान घेऊन ते गस्तीवर गेले आणि परतलेच नाहीत. ३० जूनला जर्मनांच्या ताब्यात, जखमांमुळे त्यांचा अंत झाला.

डॉल्फिनमध्ये वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्या उघड्या चौकटीतून बाहेर येई. आकाश छान दिसे, पण जमिनीवर विमान उलटले की पहिला मार डोक्यालाच. पॅराशूट तर ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना तेव्हा मिळतच नसे. गोळी लागलेल्या माणसालाही विमान स्वतःच खाली आणावे लागे.

त्यांचे नाव एकदा हरवले होते. जर्मनांनी पुरलेल्या जागी ‘ओबरलॉयटनंट एस. सी. वुमकर’ असे लिहिले होते. इंग्रजी वळणदार लिपीत ‘वेलिणकर’मधली मधली अक्षरे घाईत लिहिली की नुसत्या उभ्या रेघा उरतात, बहुधा तिथेच घोटाळा झाला असावा. त्यात हुद्दा जर्मन, म्हणजे थडगेही जर्मन अधिकाऱ्याचे वाटणार. ओळखीच्या बिल्ल्यांवर विसंबावे, तर तेही दाबलेल्या तंतूंचे. ओल्या मातीत कुजून जात. म्हणून शोधपथके बटणे, बूट, गणवेशाचे कापड असे सगळे पाहत. ज्यांनी तो ‘वुमकर’ म्हणजे आमचा वेलिणकर हे चिकाटीने शोधून काढले, त्यांचे ऋण तर आहेच.

पण नाव सापडणे एक आणि टिकणे दुसरे. टिकवता तुम्ही. थडग्यावरची शिळा ८१ सेंटिमीटर उंच, ३८ रुंद, साडेसात जाड. दगड चुनखडीचा, म्हणजे मऊ. तारेचा ब्रश किंवा ब्लीच लावले की पृष्ठभाग खरवडतो, मग शेवाळ आणखी घट्ट धरते. तुम्ही साधे पाणी आणि मऊ ब्रश वापरता. शिळेपुढे बुटकी फुलझाडे लावता. ती केवळ शोभेला नाहीत. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटला की चिखल उडून खालच्या ओळींवर बसतो, तो ती झाडे अडवतात. आणि नेमक्या त्याच जागी कुटुंबाने निवडलेला मजकूर असतो, रिकाम्या जागा धरून जेमतेम ६६ अक्षरांचा. अक्षरे झिजली की तुम्ही ती पुन्हा कोरता, शिळाच खचली असेल तर नवी बसवता. इतक्या दूरच्या, कधीही न पाहिलेल्या माणसासाठी हे सारे इतक्या निगुतीने करता, याबद्दल मनापासून आभार.

तिकडे फ्रान्समधल्याच एस्तव्हेल गावी दुसरे भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉय आहेत, महिन्याभरातच, २२ जुलै १९१८ ला पडलेले. त्यांच्या थडग्याची निगा राखणाऱ्या तुमच्या सहकाऱ्यांनाही हे पत्र अवश्य दाखवा.

आपले ऋणी,
महायुद्धातील भारतीय वैमानिकांच्या नोंदी जपणारे काही मराठी अभ्यासक