अक्षरं गेली, खोकं तिथंच आहे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

उदगीरच्या बसस्थानकाजवळ माझं औषधांचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली, मी काउंटरमागं उभा आहे. मागच्या आठवड्यात वितरकाचा माणूस उन्हाळ्याची ऑर्डर घ्यायला आला आणि त्यानं संत्र्याच्या चवीच्या पेयाचं एक खोकं माझ्यापुढं ठेवलं. तोच केशरी रंग, तोच आकार, बाजूला चिकटवलेली तीच नळी. फक्त नाव बदललेलं. "सर, आता त्या तीन अक्षरांची कटकट नाही. माल तोच आहे, गिऱ्हाईक रंगावरून ओळखतंय," तो म्हणाला. तो बोलला ते खरं आहे, आणि म्हणूनच हे पत्र लिहायला बसलो.

ती तीन अक्षरं म्हणजे ओआरएस. जुलाब-उलट्यांत अंगातलं पाणी आणि क्षार भरून काढणारं औषध. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, आदेश काढला की कुठल्याही पेयाच्या नावात आधी, मधे किंवा शेवटी 'ओआरएस' हा शब्द वापरता येणार नाही. काही कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. ३१ ऑक्टोबरला न्यायालयानं या बंदीत हस्तक्षेप करायला नकार दिला. यामागं हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांची आठ वर्षांची झुंज आहे. ती बातमी आली त्या दिवशी दुकान बंद करून मी बराच वेळ आत बसून राहिलो होतो. का, ते सांगतो.

लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो २०१६ चा उन्हाळा. आमच्याकडंही टँकर येईल तेव्हा पाणी. मिळेल ते पाणी लोक साठवायचे आणि दुकानात रोज जुलाबाच्या चिठ्ठ्या यायच्या. एका दुपारी तालुक्यातल्या एका गावची बाई आली, कडेवर दीड वर्षाची मुलगी. "दादा, लेकराला पहाटंपासून संडास लागलीय. डॉक्टरनी ओआरएस पाजा म्हणलंय." चिठ्ठीवर गोळीचं नाव आणि खाली नुसतं 'ओआरएस'. माझ्याकडं दोन्ही होतं, खऱ्या ओआरएसच्या पुड्या आणि नावात 'ओआरएस' असलेल्या गोड पेयाची खोकी. पुड्या मागच्या ड्रॉवरमध्ये, खोकी काउंटरवर समोर, कारण कंपनीनं त्यासाठी छोटा रॅकच दिला होता आणि खोक्यात मला पुडीपेक्षा जास्त सुटायचे. मी चार खोकी दिली. वर सांगितलं, "पुडी लेकरं थुंकून टाकतात बाई, हे गोड आहे, आवडीनं पितंय."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती परत आली. मुलगी खांद्यावर पडलेली. डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे, रडत होती पण डोळ्यांत पाणी येत नव्हतं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहून हळूहळू खाली बसत होती. "दादा, चारही पाजले. दुसरं काय बी दिलं न्हाई, साधं पाणी बी न्हाई, नुसतं हेच पाजलं. तरी थांबंना." मी शटर ओढलं आणि त्यांना माझ्या मोटारसायकलवर सरकारी दवाखान्यात नेलं. तीन दिवस सलाईन लागलं. मुलगी वाचली.

जुलाब त्या खोक्यामुळं लागले नव्हते, हे मला माहीत आहे. पण त्या आईनं डॉक्टरचं शब्दन् शब्द ऐकलं होतं. ओआरएस पाजा म्हटलं, तिनं ओआरएस पाजलं. चुकलो मी, आणि माझ्या हातात ज्यानं ते खोकं दिलं तो.

त्या रात्री मी पुडी आणि खोकं शेजारी ठेवून बिलाच्या पाठीमागं आकडे मांडले. तो कागद अजून माझ्याकडं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणं एक लिटर ओआरएसमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असतं. सगळं मिळून २०.५ ग्रॅम. माझ्या हातातल्या खोक्यावर मागं बारीक अक्षरांत १०० मिलिलिटरला ११ ग्रॅम साखर लिहिली होती. म्हणजे लिटरला ११० ग्रॅम, आठपट. २०० मिलिलिटरच्या एका खोक्यात २२ ग्रॅम साखर, चहाचे चार-पाच चमचे. आणि जे मीठ शरीरातून वाहून जात होतं ते पुडीच्या मानानं अगदीच थोडं.

एवढी साखर जुलाब झालेल्या पोटात काय करते ते समजायला डॉक्टर व्हावं लागत नाही. साखरांब्यासाठी किसलेल्या कैरीला साखर लावून ठेवली की घटकाभरात पातेल्यात पाणी सुटतं. आतड्यात जास्त साखर गेली की ती तशीच शरीरातलं पाणी आतड्यात ओढते, आणि जुलाब वाढतात. ओआरएसमधली साखर चवीसाठी नसतेच. आतड्याच्या भिंतीतून मीठ आत जायला ग्लुकोजची सोबत लागते, दोघं जोडीनं आत जातात आणि त्यांच्या मागं पाणी जातं. ही जोडी मापात असेल तरच काम होतं. म्हणून त्या पुडीत ग्रॅमाच्या दशांशालाही किंमत आहे.

या तीन अक्षरांवर लोकांचा विश्वास जाहिरातीनं बसलेला नाही. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकी (कॉलरा) पसरली, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मापानं मिसळून पुड्या करवल्या. नळ लावलेल्या पिंपात ते पाणी कालवलं आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच पेल्यानं पाजायला लावलं. ३० टक्क्यांच्या आसपास जाणारे मृत्यू ४ टक्क्यांच्या खाली आले. १९७८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं या शोधाला शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये गेले, २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आपल्या आशाताई आणि अंगणवाडीच्या ताई गेली कित्येक वर्षं दारोदार हीच पुडी वाटत आहेत. खेड्यातल्या न शिकलेल्या आजीलाही 'ओआरएस' हा शब्द पाठ झाला तो या लोकांच्या कष्टानं. ती कमाई उचलून सरबताच्या खोक्यावर छापली गेली, हे मला सहन होत नाही.

आणि ते परवानगीनं छापलं गेलं. याच प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या आणि पुढं फेब्रुवारी २०२४ च्या आदेशांनी कंपन्यांना मुभा होती की ट्रेडमार्कमध्ये आधी किंवा नंतर आणखी अक्षरं जोडून ओआरएस हा शब्द वापरावा. अट एवढीच, की 'हे जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केलेलं ओआरएस नाही' असा इशारा छापावा. इशारा छापला जायचा. इंग्रजीत. वेष्टनावरची माहिती इंग्रजी किंवा हिंदीत असावी एवढंच कायदा सांगतो. मराठी घातली तर चालते, घातलीच पाहिजे असं नाही. माझ्या दुकानात येणारी बाई पुढचं मोठं अक्षर ओळखते, कारण ते तिनं भिंतीवरच्या पोस्टरवर पाहिलेलं असतं. मागची इंग्रजी ओळ तिनं कशी वाचावी?

मोठ्या अक्षरात दावा आणि बारीक अक्षरात त्याचा इन्कार, ही पद्धत एवढ्या एका मालापुरती नाही. कंपनीच्या नावातच 'अस्सल', 'नैसर्गिक' अशा अर्थाचा शब्द असला तर 'हे फक्त ब्रँडचं नाव आहे, मालाचं खरं स्वरूप दाखवत नाही' अशी ओळ तीन मिलिमीटर उंचीत छापली की नियम पाळला गेला. तेलाच्या पुड्यावर 'कोलेस्टेरॉल नाही' असं लिहितात. करडई असो, शेंगदाणा असो, सोयाबीन असो, कोलेस्टेरॉल कुठल्याच वनस्पती तेलात नसतं. दुधात घालायच्या गोड पावडरींना 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकू नका असं ऑनलाइन कंपन्यांना एप्रिल २०२४ मध्ये सांगावं लागलं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' नावाची गोष्टच नाही. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या रसावरून '१०० टक्के फळांचा रस' हे शब्द काढायला लावले, आणि छापून ठेवलेली वेष्टनं संपवायला मुदत दिली. प्रत्येक वेळी शब्द वर्षानुवर्षं माल खपवतो, मग एक आदेश येतो आणि शब्द जातो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला याच कायद्याच्या कलम ५३ प्रमाणं दहा लाखांपर्यंत दंड आहे. पण लोकांच्या डोक्यात जे बसलं ते पुसून काढायची जबाबदारी कुणावरच नाही.

इथं माझ्या व्यवसायबंधूंना एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. आपलं काउंटर हेच एक लेबल आहे. तेच खोकं किराणा दुकानात थंड पेयाच्या फ्रिजमध्ये असतं तर कुणी ते आजारी लेकराला पाजलं नसतं. ते माझ्याकडं, खोकल्याच्या औषधाशेजारी होतं. 'मेडिकलमध्ये मिळतं म्हणजे औषधच' असं लोक मानतात, आणि त्यांनी तसं मानावं म्हणूनच तो रॅक मला फुकट मिळाला होता. मधुमेहाची गोळी घ्यायला आलेले गुरुजी जाताना डायजेस्टिव्ह बिस्किटांचा पुडा नेतात, त्याचंही कारण हेच. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे असतात. आमच्या दुकानातल्या त्या पुड्यावर पहिलं नाव मैद्याचं आहे, तिसरं साखरेचं. गुरुजींना मी ते बोट ठेवून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "अरे, पण तुझ्या दुकानात आहे म्हणून घेत होतो." त्या वाक्यानं मला झोप लागली नाही.

नव्या नावाचं खोकं मी परत पाठवलं. पण गावातल्या आणि आसपासच्या दुकानांत ते येणार आहे, आणि मे महिन्यात कुणीतरी आई "ते ओआरएसचं केशरी खोकं द्या" म्हणणार आहे. नाव बदललं तरी तिच्या दृष्टीनं ते ओआरएसच आहे. म्हणून अन्न व औषध प्रशासनाला विनंती आहे, की ज्या पेयांच्या नावात कालपर्यंत ही अक्षरं होती त्यांच्या पुढच्या बाजूवर, नावाच्या खालीच, मराठीत ठळक लिहायला लावा: 'हे ओआरएस नाही. जुलाब झालेल्या बाळाला देऊ नका.' औषध दुकानात ही पेयं ओआरएसच्या पुड्यांजवळ मांडायला मनाई करा. डॉक्टरांना हात जोडून विनंती आहे, की चिठ्ठीवर नुसतं 'ओआरएस' लिहू नका. 'ओआरएस पुडी, एक लिटर पाण्यात' एवढं लिहा. चार शब्द जास्त लिहावे लागतील, पण माझ्यासारख्याच्या हाताला चुकीच्या रॅककडं जायला जागा राहणार नाही.

वाचकांनी पुडी घेताना तिच्यावर 'आय.पी.' (इंडियन फार्माकोपिया, म्हणजे औषधांचं भारतीय मानक) ही अक्षरं आणि औषधाचा उत्पादन परवाना क्रमांक आहे का ते बघावं. अन्नाच्या परवान्याचा एफएसएसएआयचा शिक्का आणि चौदा आकडी क्रमांक असेल तर ते खाण्यापिण्याचं सामान आहे, औषध नव्हे, मग दुकानदार काहीही सांगो. पुडीवर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घ्यायचं. मोठी पुडी एक लिटरला, छोटी २०० मिलिलिटरला. अर्धी पुडी अर्ध्या तांब्यात असं अंदाजानं करू नये. आता माझ्या काउंटरवर त्या रॅकच्या जागी पाण्याची रिकामी एक लिटरची बाटली ठेवली आहे. पुडी घेणाऱ्या प्रत्येकाला ती हातात देऊन विचारतो, "घरी एवढी बाटली आहे का?" नसली तर तीच देऊन टाकतो.

आपल्या दैनिकाला एक मागणं आहे. उन्हाळाभर रोज, हवामानाच्या चौकटीशेजारी, दोन ओळींची जागा द्या आणि एवढंच छापा: पुडी नसेल तर उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, चहाच्या चमच्यानं सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ, थोडं थोडं पाजत राहा, अंगावरचं दूध बंद करू नका, डॉक्टरांनी सांगितलेलं झिंक १४ दिवस द्या, आणि बाळ मलूल झालं किंवा लघवी कमी झाली तर दवाखाना गाठा. अक्षर जरा मोठं ठेवा.

आपला,
एक औषध विक्रेता
उदगीर, जि. लातूर