मंगळवारची मुलाखत

ती. आई-बाबांना सा. न.

तुमच्या दोघांच्या ग्लोबल एंट्रीच्या, म्हणजे अमेरिकेत उतरल्यावर इमिग्रेशनची लांब रांग टाळायच्या सोयीच्या, मुलाखतीची वेळ मी घेऊन टाकली आहे. नेवार्क विमानतळावरचं केंद्र, तुम्ही याल त्यानंतरचा मंगळवार. आईची सव्वादहाला, बाबांची साडेदहाला. या अर्जासाठी पोलीस चौकशीला घरी आले होते तेव्हा बाबा "बघू, घाई काय" म्हणाले होते. बाबांचं "बघू" कुठवर जातं ते गच्चीच्या गळतीवरून मला माहीत आहे, म्हणून विचारत बसले नाही.

बाबा, मागच्या खेपेला एवढ्या लांबच्या प्रवासानंतर इमिग्रेशनच्या रांगेत तुमचा गुडघा किती दुखला, हे मला आईकडून कळलं. व्हीलचेअर सांगून ठेवते म्हटलं तर ती तुम्हाला नको. बरं, नको. मग हाच मार्ग उरतो. भारतीय पासपोर्टवाल्यांना ही सोय २०१७पासून आहे आणि एकदा मिळाली की पाच वर्षं चालते. कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, अधिकाऱ्याने काही विचारलं तर सांगायचं, की बॅगा घ्यायला मोकळे. या वेळी मात्र मुलाखत व्हायची असल्याने जुन्याच रांगेतून यावं लागेल. विमानातून उतरल्यावर तिथेच, वेळ न घेता मुलाखत देता येते, तेही मी पाहिलं. पण रात्रभराचं जागरण आणि शुगर खाली आलेली, अशात तुम्हाला कुणी प्रश्न विचारायला नकोत. मंगळवारपर्यंत झोप भरून निघेल, मऊ भात-मेतकूट पोटात गेलेलं असेल आणि मी दाराबाहेरच बसलेली असेन.

पैशांचं विचारायच्या आधीच सांगते. माणशी १२० डॉलर, ते भरून झालेत आणि मुलाखतीला गेला नाहीत तरी परत मिळत नाहीत. हे मुद्दाम सांगतेय.

आई, घाबरू नकोस गं. पासपोर्ट बघतात, फोटो नि बोटांचे ठसे घेतात. अमेरिकेला कशाला येता, कस्टम्सने कधी दंड केलाय का, कधी अटक झालीय का, असलं विचारतात. मॉलमधल्या त्या आजींशी अर्धा तास गप्पा मारणाऱ्या बाईला हे काय जड आहे? अर्जात पूर्वीची नावं विचारतात, तिथे तुझं माहेरचं नाव लिहिलंय. लग्नात नाव बदललं, एवढंच सांग. ते नाव टाइप करताना मजा वाटली. त्या मुलीला मी कधी भेटलेच नाही.

वेळा सहजी मिळत नाहीत. कुणी रद्द केली की तेवढी उघडते आणि बघता बघता जाते. त्यात नवरा-बायकोचीही खाती वेगळी, वेळा वेगळ्या. लागोपाठच्या मिळाव्यात म्हणून पहाटे उठून बघत होते. "एवढा त्रास कशाला" म्हणू नका. दिवाळीच्या एसटी रिझर्वेशनला बाबा अंधारात स्टँडवर जायचे, मी हट्ट केला की मलाही शालीत गुंडाळून न्यायचे. मी तर स्वयंपाकघरात चहा पीत बसले होते.

आता ऐका. जुना पासपोर्ट, ज्यात व्हिसा आहे, तो नव्याबरोबर हवा. दोन्ही हातातल्या पिशवीत, बॅगेत नाहीत. पत्त्यासाठी लाइटबिल घ्या. आणि आंबे आणायचे नाहीत, एकसुद्धा. कढीपत्ताही नाही. न सांगता आणलेलं फळ सापडलं तर दंड होतोच, वर ही मंजुरीही जाऊ शकते. लाडू-चकल्या आणा, पण खाण्याचं आहे असं अधिकाऱ्याला सांगायचं, फॉर्म दिला तर त्यावरही. आत्याने दिलेलं पुडकं आधी उघडून बघा. तिला वाईट वाटेल, मी फोन करते तिला.

बाबांच्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांकडून इंग्रजीत घ्या. विमानात थोड्या थोड्या वेळाने उठून चालायचं. आई, तू उठव त्यांना. डोळा लागला होता म्हणतील, ऐकू नकोस.

तुमची,
चिमी