नवीन कॉम्प्युटर घ्या, पण आधी स्टोअररूमचं कुलूप उघडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सध्या आमच्या भागातल्या सरकारी ऑफिसांत एकच विषय चाललाय, विंडोज १० बंद झालं, आता सगळे कॉम्प्युटर बदलावे लागणार. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला हे खरं, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० म्हणजे सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा आठव्या जनरेशनचा तरी प्रोसेसर लागतो, त्यामुळे २०१५-१६ च्या आसपास घेतलेली मशीन त्यात बसत नाहीत हेही खरं. पण बसत नाही म्हणजे बिघडलं, असं धरून मागणीपत्रं जायला लागलीत आणि मार्च एंडला निधी खर्ची टाकायची घाई असली की मग कोण विचारतंय.

मी तालुक्याच्या गावात कॉम्प्युटर दुरुस्ती करतो, या ऑफिसांची मशीन माझ्याकडे येतात म्हणून सांगतो. "साहेब फार स्लो झालाय, कंडम करा" म्हणून आलेला डेस्कटॉप उघडला की बहुतेक वेळा आत काय सापडतं, जुनी फिरणारी हार्डडिस्क, चार जीबी रॅम आणि पंख्यावर बोटभर धूळ, एकदा तर पालीची अंडी. हार्डडिस्क काढून एसएसडी म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क टाकली, रॅम आठ जीबी केली, प्रोसेसरची वाळलेली पेस्ट बदलली की तेच मशीन पुढची चार-पाच वर्षं निवांत चालतं आणि खर्च नव्या मशीनच्या पाव सुद्धा येत नाही. यात पर्यावरणाचा काय संबंध असं कोणी म्हणेल तर संबंध असा की लॅपटॉपसारख्या वस्तूने आयुष्यभरात जेवढा कार्बन सोडायचा त्यातला निम्म्याहून जास्त तो कारखान्यात बनतानाच सुटलेला असतो. म्हणजे फाईव्ह स्टारचं मशीन आणून वीज वाचवण्यापेक्षा आहे ते चार वर्षं जास्त वापरणं केव्हाही परवडतं.

राहिला प्रश्न विंडोजचा. पैसे भरून अजून काही काळ सिक्युरिटी अपडेट मिळतात तो एक मार्ग आहे. दुसरा लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकटची सिस्टिम. आपल्या सरकारी सीडॅक संस्थेचं बॉस लिनक्स आहे, केरळच्या सरकारी शाळांत तर कित्येक वर्षं लिनक्सच चालतंय, तिथली पोरं त्यावरच शिकली आणि काही बिघडलं नाही. ऑफिसचं आता बरंचसं काम ब्राउझरमध्येच होतं, ई-ग्रामस्वराज असो की ई-ऑफिस. पण खोटं कशाला बोलू, सगळीकडे लिनक्स टाका असं मी म्हणणार नाही कारण डिजिटल सहीचं डोंगल आणि अंगठ्याचं मशीन त्यावर फार नखरे करतं, आणि दहा-पंधरा वर्षांची जुनी पत्रं श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये अडकलेली आहेत ती वेगळीच (युनिकोड वापरा असे आदेश कधीचे आहेत, पण टायपिंगवाल्या मावशींची बोटं जुन्या कीबोर्डला बसलीत त्याला त्या तरी काय करणार). तर ज्या टेबलावर डोंगल लागतं तिथे नवीन मशीन द्या ना, आवक-जावकच्या टेबलाला कशाला पाहिजे?

आता खरा मुद्दा, ज्याच्यासाठी हे पत्र लिहितोय. नवीन आलं की जुनं कुठे जातं?

तर ते कुठेच जात नाही. जिन्याखालच्या खोलीत जातं. एका ऑफिसची अशी खोली मी बघितलीय, काचेचे जुने डबा मॉनिटर छतापर्यंत, त्यावर ऑइलपेंटने जडसंग्रहाचे (डेडस्टॉकचे) नंबर टाकलेले, फुगलेल्या बॅटऱ्यांचे यूपीएस, कीबोर्डच्या वायरींचा गुंता आणि खाली जमिनीवर बॅटरीतून गळलेल्या ॲसिडचा पांढरा डाग. बाहेरच्या भिंतीवर सरकारच्या माझी वसुंधरा या पर्यावरण अभियानाचं सुंदर चित्र. जडसंग्रह नोंदवहीत नोंद असलेली वस्तू निर्लेखन, म्हणजे निकामी ठरवून नोंदवहीतून कमी, झाल्याशिवाय हलवता येत नाही, निर्लेखनाला तांत्रिक दाखला पाहिजे, समिती पाहिजे, मंजुरी पाहिजे आणि सही करायला कोणी धजत नाही कारण उद्या ऑडिटला आक्षेपाचा पॅरा निघाला तर कोणाच्या गळ्यात पडणार. त्यामुळे प्रस्ताव या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो, तोपर्यंत चालू शकणारं मशीन पण गंजून जातं, म्हणजे जे एखाद्या शाळेला देता आलं असतं ते सुद्धा गेलं.

आणि कधीतरी एकदाचं निर्लेखन झालंच तर लिलाव, आणि लिलावात जास्त बोली कोणाची, भंगारवाल्याची. त्याची बोली जास्त असणारच, त्याला ॲसिडची विल्हेवाट लावायचा खर्च नाही, काचेचा नाही, कामगारांच्या मास्कचा नाही. तो मॉनिटर फोडून मागची तांब्याची कॉइल काढतो आणि शिसं असलेली काच ओढ्याच्या कडेला टाकून देतो, वायरी रात्री जाळतो. भंगारवाल्यावर माझा राग नाही, त्याचं पोट आहे त्यावर. पण सरकारी ऑफिसने स्वतः पावती फाडून त्याला माल द्यायचा हे काय?

ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यात वर्षात एक हजार किंवा जास्त इलेक्ट्रॉनिक वस्तू वापरणारा तो घाऊक ग्राहक, आणि त्याने आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर (जुनं दुरुस्त करून परत वापरात आणणारा) किंवा रिसायकलरलाच द्यायचा असं आहे. आता दोन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर असलेली ग्रामपंचायत यात कशी बसेल? ती सुटते. पंचायत समिती पण सुटेल एखादवेळी. पण राज्यात जवळपास २८ हजार ग्रामपंचायती आहेत, प्रत्येकीत दोन-तीन मशीन धरा आणि बघा केवढा ढीग होतो ते. गंमत म्हणजे याच नियमात शहरांतल्या नगरपालिकांवर जबाबदारी आहे की लोकांच्या कचऱ्यात ई-कचरा मिसळून आला तर तो वेगळा काढून योग्य ठिकाणी पोचवायचा. लोकांचा वेगळा काढायचा आणि आपला भंगारात द्यायचा!

यावर उपाय फार अवघड नाही. जिल्हा परिषदेने सगळ्या ग्रामपंचायती आणि पंचायत समित्यांचा माल वर्षातून एकदा एकत्र करावा, एक तांत्रिक माणूस तालुक्याला पाठवून जागेवरच चालणारं-न चालणारं वेगळं करावं, चालणारं शाळांना आणि वाचनालयांना द्यावं, उरलेल्याचा लिलाव करताना फक्त प्रदूषण मंडळाकडे नोंदणी असलेल्या रिसायकलरलाच बोली लावता येईल ही अट टाकावी. पैसे थोडे कमी येतील, येऊ द्या. हार्डडिस्क मात्र आधी काढून फोडा, कारण माझ्याकडे भंगारातून आलेल्या डिस्कमध्ये लोकांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स निघाल्यात, घरपट्टीच्या याद्या निघाल्यात.

खरेदीचं पण थोडं बोलतो. ऑल-इन-वन घेऊ नका, टेबलावर छान दिसतो पण स्क्रीन गेली की अख्खं मशीन गेलं आणि पार्ट आमच्यासारख्याला मिळत नाहीत. जिथे रोज लाईट जाते तिथे डेस्कटॉप आणि यूपीएसपेक्षा लॅपटॉप बरा, त्याची बॅटरी आतच असते, वीज पण कमी खातो आणि दर दोन-तीन वर्षांनी शिशाची बॅटरी बदलायची कटकट नाही. टेंडरमध्ये तीन ऐवजी पाच वर्षांची वॉरंटी मागा. आणि ऑनलाईन आलेली फाईल परत प्रिंट काढून फायलीला टॅगने बांधायची पद्धत कोणीतरी थांबवा हो, ई-ऑफिस आल्यापासून टोनर उलट जास्त लागायला लागलाय, मी भरून देतो म्हणून मला माहितीय.

आपल्या वाचकांत कोणी पंचायत समितीचे किंवा नगरपालिकेचे सदस्य असतील तर त्यांनी पुढच्या सभेत नवीन कॉम्प्युटरच्या ठरावावर हात वर करण्याआधी दोनच प्रश्न विचारावेत, गेल्या पाच वर्षांत किती मशीन निर्लेखित झाली आणि ती कोणाला दिली त्याची पावती दाखवा.

नाव छापू नये ही विनंती, कामं याच ऑफिसांची करतो.

आपला,
कॉम्प्युटर दुरुस्ती करणारा एक वाचक, जि. सातारा