सायलेन्सर बदलण्याआधी फ्लॅप तपासा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत जुन्या बाजारातून घेतलेल्या विदेशी बनावटीच्या मोटारी आता पुष्कळ दिसतात. त्यांतील अनेकांच्या सायलेन्सरच्या मागच्या नळीत एका दांड्यावर फिरणारी चकतीसारखी झडप असते, जिला गॅरेजमध्ये सरसकट फ्लॅप म्हणतात. ती बिघडली की मालकाला एकतर अख्खा सायलेन्सर बदलण्याचा सल्ला मिळतो, नाहीतर फ्लॅप तारेने कायमची उघडी बांधून दिली जाते. या दोन्ही उपायांत नेमके काय बिघडले हे कोणी पाहिलेलेच नसते, आणि माझी तक्रार तेवढीच आहे.

फ्लॅपचे काम अवघड नाही. इंजिन कमी वेगात फिरत असताना ती बंद राहते, त्यामुळे धूर सायलेन्सरमधील लांबच्या वाटेने जातो आणि आवाज दबतो. इंजिनाचा वेग वाढला की ती उघडते आणि धुराला मोकळी वाट मिळते. जुन्या रचनेत तिला इंजिनातून येणारा व्हॅक्यूम, म्हणजे हवेची ओढ, हलवतो, नव्या रचनेत छोटी विजेची मोटर फिरवते. व्हॅक्यूमच्या बहुतेक गाड्यांत ओढ गेली की स्प्रिंग फ्लॅपला उघडी ठेवते, म्हणून एखादी गाडी एकाएकी सतत गुरगुरू लागली तर पहिला संशय ही ओढ पोहोचवणाऱ्या रबरी नळीवर घ्यावा. उष्णतेने ती कडक होऊन चिरते, आणि उसाच्या मळ्यांलगत गाडी उभी करणाऱ्यांना उंदीर काय करतात ते सांगायला नको. उलट फ्लॅप बंद अवस्थेत अडकली तर आवाज वाढत नाही, पण जोरात पळवताना गाडी कोंडल्यासारखी वाटते. नुसता खडखडाट, विशेषतः सकाळी थंड गाडी सुरू करताना, ऐकू येत असेल तर दांड्याचे बुश (दांडा ज्यात फिरतो त्या धातूच्या कड्या) झिजलेले किंवा स्प्रिंग तुटलेली असण्याची शक्यता अधिक.

खरी गफलत स्कॅनरपाशी, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोष वाचणाऱ्या यंत्रापाशी, होते. फ्लॅप अपेक्षित जागी पोहोचली नाही, एवढेच स्कॅनर बहुधा सांगतो. दांडा गंजला, मोटर जळली, की कनेक्टरमध्ये पाणी शिरून पिना हिरव्या पडल्या, हे त्यावरून पुष्कळदा कळत नाही. तेवढ्यावर पुढचे सामान मागवणे म्हणजे ताप आहे असे समजताच ऑपरेशनची तारीख ठरवणे होय. गाडी पूर्ण थंड झाल्यावर, नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर पक्की टेकवून, मोटर नट काढून बाजूला करावी आणि दांडा पक्कडीने हलक्या हाताने फिरवून पाहावा. मोटर जोडलेली असताना फ्लॅप जबरदस्तीने फिरवू नये, मोटरच्या आतल्या चाकांचे दाते तुटतात. दांडा मोकळा फिरला तर दोष मोटरमध्ये किंवा वायरिंगमध्ये आहे आणि तिथे मल्टिमीटर लावून आधी वीजपुरवठा व अर्थिंग तपासावे. दांडा अडकला तर आधी तो सोडवावा, विजेकडे नंतर बघावे. व्हॅक्यूमच्या रचनेत हातपंपाने ओढ द्यावी: पंपाच्या मापकाचा काटा स्थिर राहिला आणि तरीही फ्लॅप हलली नाही तर ती जाम आहे, काटा घसरत गेला तर डायफ्राम, म्हणजे ओढीने हलणारा आतला रबरी पडदा, फाटला आहे, आणि फ्लॅप व डायफ्राम दोन्ही ठीक असतील तर ही ओढ चालू-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेपर्यंत (सोलेनॉइड) मागे जात शोधावे.

आपल्याकडे दांडा जाम होण्याचे कारण बहुधा गंज आणि काजळी हेच असते. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस सर्वांना ठाऊक आहे. शिवाय शहरातल्या शहरात थोडेच अंतर चालणाऱ्या गाडीचा सायलेन्सर पुरता तापत नाही, आतले पाणी उडून जात नाही आणि ते आतूनच पोखरते. अशा दांड्यावर गंज सोडवणारे तेल मारून, मुरू देऊन, थोडे थोडे मागेपुढे फिरवत राहिले की तो पुष्कळदा सुटतो. साधे ग्रीस मात्र लावू नये, कारण ते जळून त्याचीच काजळी होते. झिजलेला बुश बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छे औद्योगिक भागात लेथवर करून घेता येण्यासारखा आहे. फक्त धातू उष्णता सोसणारा हवा आणि तापल्यावर दांडा फुगतो हे ध्यानात घेऊन किंचित मोकळीक ठेवायला हवी. वेल्डिंग करायचे झाल्यास आधी बॅटरीची जोडणी काढावी. महामार्गावर ट्रकची कामे करणाऱ्या मेस्त्रींना तर हे सगळे नवे नाही. घाटात उतरणाऱ्या ट्रकच्या एक्झॉस्ट ब्रेकमध्ये (धूर कोंडून वेग रोखणारा ब्रेक) हवेच्या दाबावर चालणारी अशीच झडप असते आणि ती बंद अडकली की गाडी ओढत नाही, हे त्यांना माहीत असते.

फ्लॅप बांधून टाकण्याविषयी थोडे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) नुसार ध्वनी व वायुप्रदूषणाची मानके मोडणारे वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि परवानाही तीन महिने जातो. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ प्रदूषण मानकाच्या डिझेल मोटारींपैकी काहींत अशी फ्लॅप आवाजासाठी नसून धूर पुन्हा इंजिनाकडे वळवण्यासाठी असते. ती बांधली तर प्रदूषण नियंत्रणाची व्यवस्थाच कोलमडते, प्रसंगी इंजिन आपली ताकद कमी करून घेते, आणि मग मालक पुन्हा त्याच गॅरेजच्या दारात उभा राहतो.

सीमाभागातील गॅरेजचालकांना माझी विनंती आहे की अशा कामाच्या बिलावर दोष दांड्यात, मोटरमध्ये, नळीत की वायरिंगमध्ये सापडला हे स्पष्ट लिहावे आणि काढलेला भाग ग्राहकाच्या हाती द्यावा. ग्राहकांनीही तो मागून घ्यावा. दांडा मोकळा फिरत असेल तर सायलेन्सर का बदलला, हे तिथेच विचारता येईल.

आपला,
एक निवृत्त आयटीआय निदेशक,
अनगोळ, बेळगाव