वर्कशॉपात आहे त्यावर काम उरकणं आयटीआयमध्येच शिकवा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात वर्कशॉपमधल्या अपघातांवर जे आलं होतं ते आमच्या गल्लीत सगळ्यांनी वाचलं. त्यात म्हटलंय की योग्य साधनं नसतील तर वेल्डिंगचं काम हातातच घेऊ नये. लिहिणाऱ्याची कळकळ पटली, पण हा नियम आमच्याकडे एक दिवस पण चालणार नाही, आणि सगळंच चूक म्हणून सांगितलं की पोरं त्यातलं खरोखर जिवावरचं काय ते पण ऐकून घेत नाहीत. म्हणून हे पत्र.

आमच्या कोल्हापूर भागात गुऱ्हाळं चालू असताना घाण्याच्या रोलरचा शाफ्ट बेअरिंगच्या जागी झिजतो. बेअरिंग लूज झालं, घाणा खडखडायला लागला, तिकडं ऊस तोडून पडलाय, आणि तोडलेला ऊस पडून राहिला की रस बिघडतो आणि गूळ नीट बसत नाही हे इथं लहान पोराला पण माहीत आहे. नवीन शाफ्ट करून आणायला वेळ लागतो. मग शाफ्ट वेल्डिंगनं भरून घ्यायचा आणि लेथवर परत साइजला आणायचा, एवढाच मार्ग. मोठ्या कंपनीत अशा कामाला जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं ती वस्तू, फिरवायचं रोटेटर असतं, गरम करायला हीटर असतो, रॉड भाजायला ओव्हन असतं. आमच्याकडे काय असतं? लोखंडी चॅनेलचे दोन तुकडे आणि भंगारातली चार बेअरिंगं.

पण तेवढ्यात काम होतं, आणि चांगलं होतं. दोन्ही चॅनेलवर दोन दोन बेअरिंगं बसवून स्टँड करायचे, त्यावर शाफ्ट ठेवला की हातानं पाहिजे तेवढा फिरतो. वेल्डिंगचा माल शाफ्टच्या लांबीत भरायचा, एक ओळ वरच्या बाजूला झाली की शाफ्ट अर्धा फिरवून दुसरी ओळ बरोब्बर समोरच्या बाजूला, असं आलटून पालटून, म्हणजे शाफ्ट वाकत नाही. एकाच बाजूनं भरत सुटलं की तो केळ्यासारखा वाकतो आणि मग लेथवर कितीही कापा, सरळ येत नाही.

काहीजण म्हणतात हे लेथवरच का करत नाही, चकमध्ये धरा आणि सगळ्यात कमी स्पीडला फिरवा. करतात लोक. पण अर्थिंगचा क्लॅम्प, म्हणजे करंट मशीनकडे परत नेणारा चिमटा, लेथच्या बॉडीला लावला की सगळा करंट स्पिंडलच्या बेअरिंगमधून जातो, आत बारीक ठिणग्या पडून बेअरिंगला खड्डे पडतात आणि काही दिवसांनी लेथ आवाज करायला लागला की कुणाला कळत पण नाही कशानं झालं. क्लॅम्प जॉबलाच पाहिजे, आणि जेवढा वेल्डिंगच्या जवळ तेवढा चांगला. ट्रॉली वेल्डिंग करताना पण तेच, क्लॅम्प लांब कुठंतरी अडकवला तर चाकाची बेअरिंगं जातात.

शाफ्ट बहुतेक ईएन 8 जातीच्या पोलादाचा असतो, म्हणजे त्यात कार्बन साधारण 0.4 टक्के, साध्या पट्टीसारखा थंडा वेल्डिंग केला तर चीर जाते. तो आधी दोनशे डिग्री सेल्सिअसच्या आसपास तापवावा लागतो. हीटर नाही, पण गुऱ्हाळाचं चुलवण पेटलेलं असतंच की! तिथंच शाफ्टचं तोंड तापवायचं. किती तापलं हे बघायला थर्मामीटर नसला तर शाफ्टवर एक जागा ग्राइंडरनं पांढरी चकचकीत करून ठेवायची, तिच्यावर फिकट पिवळा रंग धरला की दोनशे ओलांडून थोडं वर गेलं समजायचं, निळा व्हायला लागला की तीनशेच्या जवळ पोचलं, थांबायचं. काम झाल्यावर शाफ्ट उघड्यावर टाकायचा नाही, चुलवणातल्याच गरम राखेत पुरून सकाळपर्यंत सोडायचा. पाणी तर अजिबात मारायचं नाही. हे सगळं आमच्या आधीच्या मिस्त्री लोकांनी पुस्तक न वाचता बसवलंय आणि ते धातूच्या शास्त्राला धरून आहे, याचं मला फार मोठं वाटतं.

आता ज्यात हे चालत नाही ते. माझं म्हणणं असं आहे की जिथं चूक लगेच डोळ्याला दिसते तिथं आहे त्यावर भागवा. स्टँड हलला, जॉब तिरका बसला, बीड म्हणजे वेल्डिंगची ओळ खराब आली, दिसतं, घासून परत करता येतं. पण रॉडमधली ओल दिसत नाही. 7018 नंबरचा वेल्डिंग रॉड पावसाळ्यात उघडा राहिला की ओल धरतो, त्या ओलीतला हायड्रोजन वेल्डिंगमध्ये शिरतो आणि चीर लगेच येत नाही, काही तासांनी येते, कधी दोन दिवसांनी पण येते, म्हणजे घाणा चालू झाल्यावर. जुन्या फ्रीजमध्ये बल्ब लावून रॉड ठेवतात ते कोरडा रॉड कोरडा राहायला चांगलं आहे, पण एकदा ओल धरलेला रॉड त्यात सुधारत नाही, त्याला तीनशेच्या वर तास दोन तास भाजावं लागतं. ते जमत नसेल तर नवीन पाकीट फोडा, चार पैसे जाऊ देत.

गॅस तर त्याहून वाईट. डीएची, म्हणजे अॅसिटिलीन गॅसच्या सिलेंडरची, नळी फाटली म्हणून मध्ये तांब्याच्या नळीचा तुकडा घालून जोड दिलेला मी बघितलाय. अॅसिटिलीन आणि तांबं एकत्र आलं की असं संयुग तयार होतं जे नुसत्या धक्क्यानं फुटतं. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरचा नट जाम झाला म्हणून ग्रीस लावणं पण तसंच, दाबातला ऑक्सिजन आणि ग्रीस भेटले की आग. डिझेलचा रिकामा ड्रम कापताना आतली वाफ दिसत नाही, वास गेला म्हणून वाफ गेली असं नसतं, ड्रम बाँबसारखा उडतो. ब्रेक क्लीनर मारून जॉब पुसला आणि त्यात क्लोरीनवालं सॉल्व्हंट असेल तर आर्कच्या उजेडानं आणि उष्णतेनं फॉस्जीन तयार होऊ शकतो, हा वायू पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरला होता.

जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पाइप वेल्डिंग केलं की रात्री थंडी वाजून ताप येतो, तो जस्ताच्या धुराचा. आमच्याकडे पोरं गुळाचा खडा खातात आणि म्हणतात आता धूर बाधत नाही. गूळ खा, आपलाच आहे, पण मास्क लावून आधी ते गॅल्व्हनाइज घासून काढा आणि वाऱ्याच्या बाजूला उभं राहून काम करा, गुळानं फुफ्फुस धुतलं जात नाही.

आणि ग्राइंडर! गार्ड काढून चार इंची ग्राइंडरवर सात इंची डिस्क लावायची सवय लागलीय सगळीकडे. चार इंची मशीन मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फिरतं, सात इंची डिस्कवर साधारण 8500 च्या वर फिरवू नका असं छापलेलं असतं. ती फुटली तर तोंडावर येते. हे मात्र बंदच झालं पाहिजे, यात कसली हुशारी नाही.

आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा, आठवी पास पोरगा घेतात. वर्षभर तो नवीन मशीनवर सपाट पट्ट्या जोडतो, बाहेर आल्यावर त्याच्यापुढं तुटलेला नांगर आणि झिजलेला शाफ्ट येतो, तेव्हा दाखवायला कुणी नसतं, मग शेजारचा करतो तसं तो करतो, चांगलं पण आणि वाईट पण. जगातलं अगदी सुरुवातीचं आर्क वेल्डिंग 1881 साली बेनार्दोस नावाच्या माणसानं पॅरिसमध्ये बॅटऱ्यांवरच केलं होतं, आज शेतात ट्रॅक्टरच्या दोन तीन बॅटऱ्या एकाला एक जोडून तुटलेला अवजाराचा दात जोडणारा मिस्त्री त्याच वाटेनं चाललाय. फक्त त्याला कुणीतरी सांगायला पाहिजे की बॅटऱ्या गाडीपासून सोडवून घे, झाकून ठेवू नकोस आणि ठिणगी त्यांच्यापासून लांब ठेव, कारण त्यातून हायड्रोजन निघतो.

माझी विनंती आहे की जिल्ह्यातल्या आयटीआयनी गावागावातनं मोडलेले खरे जॉब मागवावेत, शेतकरी आनंदानं देतील. महिन्यातनं एक दिवस पोरांना सांगावं की नवीन काही आणायचं नाही, शॉपमध्ये आहे त्यावर हे करून दाखवा. शेजारी एखादा जुना मिस्त्री बसवावा, त्याला मानधन द्यावं. रॉड पेटवायच्या आधी पोरानं एवढंच सांगावं, करंट कुठून परत जातोय, गॅस कुठं साठतोय आणि धूर कुणाच्या नाकात जातोय. सांगता आलं तर पेटवू द्यावं. गुऱ्हाळं पेटायच्या आत हे सुरू झालं तर याच हंगामात उपयोग होईल, आणि उद्यमनगरातले आम्ही काहीजण शिकवायला यायला तयार आहोत, फुकट पण येऊ.

आपला,
एक फॅब्रिकेशनवाला, उद्यमनगर, कोल्हापूर