मशीन देऊन टाकायच्या आधी एकदा चोथा बघ

चिऊ,

काल फोनवर तू म्हणालीस ना की बाबा, ते कॉफी मशीन मी आता देऊन टाकणार कुणाला तरी, कॉफी थेंब थेंब येते, वर पाणचट लागते आणि तो लाल लाईट काही जात नाही, तेवढ्यात पिल्लू रडायला लागला आणि तू फोन ठेवलास. माझं बोलणं तोंडातच राहिलं. व्हॉट्सॲपवर लिहिलं तर तू मधलं वाचत नाहीस आणि माझे व्हॉइस मेसेज तर तुझी आईसुद्धा पुढे ढकलत ढकलत ऐकते, म्हणून हा मेल. फोनवर बोलून टाइप करतोय, शुद्धलेखन काढू नकोस.

पहिलं म्हणजे मशीन बिघडलेलं नाहीये. म्हणजे इथे कराडात बसून मी लिहून देतो असं नाही, पण तू जी लक्षणं सांगितलीस ती सगळी पोट साफ नसल्याची आहेत. व्हिसाचे नव्वद दिवस मी रोज पहाटे त्या मशीनपुढे उभा होतो, म्युनिकमध्ये माझी जेवढी ओळख त्याच्याशी झाली तेवढी दुसऱ्या कुणाशी झाली नाही.

आता आधी हे कर. उद्या पहिली कॉफी झाली की मशीन चालू असतानाच चोथ्याचा डबा बाहेर ओढ आणि सगळ्यात वरची वडी हातात घे. आमच्या साखर कारखान्यात मिल नीट चालतेय का हे बघायला कोणी आधी रसाकडे जात नाही, बगॅस, म्हणजे उसाचा चोथा बघतात. मुठीत धरून दाबायचा, हाताला ओल लागली की समजायचं मिलचं सेटिंग गेलंय, मग वरून रस कितीही येऊदे. तुझ्या मशीनचं तेच आहे. वडी घट्ट, वाटीतून पडलेल्या ढोकळ्यासारखी, बोटाने मोडली तर कट्कन मोडणारी असेल तर आतलं काम ठीक आहे. चिखल असेल, वडीच नसेल, नुसता गाळ असेल तर तुझी कॉफी पाणचट का ते तिथेच कळलं.

आणि मी पैज लावतो चिखलच असणार. कारण तू व्हिडिओ कॉलवर मशीन दाखवलंस तेव्हा मला वरच्या डब्यातले बीन्स दिसले, काळेकुट्ट आणि तेलाने चकचकीत. ऑफरमध्ये मिळाले म्हणून जावईबापूंनी आणले असतील, त्यांचा दोष नाही, दिसायला ते भारीच दिसतात. पण इतके डार्क भाजलेले तेलकट बीन्स डब्याच्या उताराला चिकटून बसतात, खाली ग्राइंडरमध्ये पडतच नाहीत, ग्राइंडर अर्धा रिकामा फिरतो आणि जिथे ९-१० ग्रॅम पावडर यायला पाहिजे तिथे पाच-सहा येते. मशीनला ते कळत नाही, ते पाणी तेवढंच सोडतं. झाली पाणचट. मग पाणचट लागते म्हणून तुमच्यापैकी कुणीतरी तो दळण्याचा नॉब बारीककडे फिरवला, खरं सांग. त्यात ते तेल आतल्या जाळीवर बसलेलं, त्यावर पिठासारखी बारीक पावडर, पाणी जाणार कुठून? म्हणून थेंब थेंब. एक दुखणं होतं त्याची दोन झाली.

नॉब परत मधे आण. पण तो ग्राइंडर फिरत असतानाच फिरवायचा, कॉफीचं बटण दाबलं की घर्रर्र आवाज येतो तेवढ्या वेळात, आणि एका वेळी एकच टप्पा. बंद असताना बारीककडे ढकललास तर मधे अडकलेले दाणे चेपतात आणि सगळा जोर ग्राइंडरवर येतो. आणि लगेच फरक दिसत नाही म्हणून परत परत फिरवू नकोस, आधीची दळलेली पावडर वाटेत असते, दोन-तीन कप गेल्यावरच खरं काय ते कळतं. आंबट लागली आणि भसाभस आली तर थोडी बारीक, कडू लागली आणि रडत रडत आली तर थोडी जाड, एवढंच लक्षात ठेव. त्या बीन्सच्या पुड्यावरचे कडकपणाचे १ ते १० आकडे आणि मशीनवर छापलेला १५ बारचा दाब यावर जाऊ नकोस, ते १५ म्हणजे पंपाची कमाल ताकद आहे, कॉफी निघते ती साधारण ९ च्या आसपास.

मग तो आतला ठोकळा, ज्यात पावडर दाबली जाते आणि त्यातून पाणी जातं, ज्याला तुम्ही ब्रू युनिट म्हणता. तो कधी धुतलास शेवटचा? मी एप्रिलमध्ये निघताना धुतला होता, आज जून. दर शनिवारी पाच मिनिटांचं काम आहे गं. बटणाने मशीन बंद करायचं, ते स्वतःचं खळखळ करून शांत होईपर्यंत थांबायचं, कारण तेव्हाच तो ठोकळा आपल्या जागी येऊन बसतो, मग बाजूचं दार उघडून दोन्हीकडचे खटके दाबून सरळ बाहेर ओढायचा. नाही आला तर ओढाताण अजिबात नको, मशीन परत चालू करून परत बंद कर, येतो. कोमट पाण्याखाली धरायचा, जाळीवर जुना टूथब्रश फिरवायचा, साबण लावायचा नाही आणि डिशवॉशरमध्ये तर नाहीच नाही, त्याच्यावर जे ग्रीस असतं ते धुऊन गेलं की मग तो करकरायला लागतो. वाळू दे तसाच, टॉवेलने पुसू नको, धागे अडकतात. आत जिथे तो बसतो तिथे पण सांडलेली पावडर असते, ती ओल्या फडक्याने काढ, आणि नाक आत घालून वास घे. कुबट आला तर समज.

तेलाचं मात्र पाण्याने जात नाही. त्यासाठी त्या पांढऱ्या गोळ्या आहेत, महिन्यातून एक, पावडर टाकायच्या झाकणातून टाकायची आणि मशीन सांगेल तसं करायचं. दोन-तीन महिन्यांनी ठोकळ्याच्या रबरी रिंगला आणि सरकायच्या खाचांना मोहरीएवढं सिलिकॉन ग्रीस, खाण्याच्या वस्तूंना चालणारंच. तूप नको. हसू नकोस, आईने विचारलं होतं.

आता एक कबुली देतो, रागवायचं नाही. मार्चमध्ये तू दवाखान्यात चेकअपला गेली होतीस त्या दिवशी मशीन बंद पडलं होतं, ते आपोआप नव्हतं पडलं. मला आपल्या चवीची कॉफी प्यायची हुक्की आली, आईने बॅगेतून आणलेली फिल्टर कॉफीची पावडर होती, चिकोरी घातलेली, ती मी त्या पावडरच्या झाकणातून टाकली, आणि एक चमचा टाकायचा तिथे दोन टाकले, अगदी शीग लावून. चिकोरी म्हणजे काय, भाजलेलं मूळच ते, त्यात साखर असते, वाफ लागली की चिकट होते. त्या नळकांड्यात असा काही लगदा झाला की विचारू नको. मग मी आणि जावईबापू दोघं किचनचं दार लावून चमच्याच्या मागच्या टोकाने तासभर खरवडत होतो. तेव्हा त्या झाकणात फक्त साधी दळलेली कॉफी, एकच सपाट चमचा, इन्स्टंट नाही, चिकोरी नाही. आणि वरच्या बीन्सच्या डब्यात तर बीन्सशिवाय काहीच नाही, ते कॅरॅमलवाले फ्लेवरचे बीन्स पण नाहीत.

बीन्स मिडियम रोस्टचे घे, दिसायला कोरडे, भाजल्याची तारीख लिहिलेले, आणि डबा काठोकाठ भरायचा नाही, दोन-तीन दिवसांचेच टाक, बाकी हवाबंद डब्यात. फ्रिजमध्ये नको, ओल धरतात. तुमच्याकडे किलोमागे २.१९ युरो तर नुसता सरकारचा कॉफी टॅक्स जातो, मग उरलेल्या पैशात तेल कशाला विकत घ्यायचं? आणि मला तर त्या कोपऱ्यावरच्या रोस्टरीत मॉन्सून्ड मलबार बघून एवढं हसू आलं होतं, आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मंगळूरकडे गोदामाच्या खिडक्या उघड्या टाकून पावसाळी वारं खाऊ घालतात त्या बियांना, त्या फुगतात, पिवळट होतात, आंबटपणा जातो. म्हणजे इकडे आपण पापड सादळले म्हणून रडतो आणि तिकडे सादळलेली कॉफी युरो मोजून विकतात. पण चांगली होती हां. तीच घे.

बरं, लाल लाईट. तो क्षारांचा. हे मात्र मनावर घे कारण इथे खरं नुकसान होतं. म्युनिकचं पाणी डोंगराकडून येतं, प्यायला अमृत आहे, पण कठीण आहे, त्यांच्या मापाने १६ डिग्रीच्या आसपास, म्हणजे आमच्या भाषेत तीनशेला थोडं कमी पीपीएम, दहा लाख भागांत तेवढे भाग क्षार. तुझी किटली बघ आतून, पांढरी खपली दिसते ना, तेच मशीनच्या आत होतंय फक्त दिसत नाही. मी ३१ वर्षं कारखान्यात काढली, बॉयलरला आम्ही असलं पाणी दारातसुद्धा उभं करत नव्हतो. नळीत पातळसा थर बसला तरी उष्णता पलीकडे पोचत नाही, नळी तापत राहते आणि पाणी गार. आमच्याकडे सीझन संपला की रस आटवायच्या इव्हॅपोरेटरच्या एकेक नळीत ब्रश मारायला माणसं उतरायची. तुला नुसतं एक बटण दाबायचंय.

आणि ऐक, मशीनला क्षार दिसत नाहीत. ते फक्त मोजतं. किती लिटर पाणी गेलं ते मोजतं आणि तू पाणी किती कठीण म्हणून सांगितलंस त्यावरून हिशोब करून लाईट लावतं. मी आलो तेव्हा ते सेटिंग २ वर होतं, मी ती कठीणपणा मोजायची पट्टी पाण्यात बुडवून बघितली आणि ४ वर नेलं. आता लाईट सारखा लागतो म्हणून कुणी ते खाली आणू नका. चोथ्याच्या डब्याचं पण तसंच, मशीन वड्या मोजतं, बंद असताना डबा रिकामा केलास तर त्याला कळतच नाही आणि डबा मोकळा असून भरला भरला म्हणत बसतं. म्हणून म्हटलं चालू असताना काढ. रोज काढ, उन्हाळ्यात दोन दिवसांत बुरशी येते.

डिस्केलिंगला, म्हणजे आतले क्षार काढायला बसायचं तर पिल्लू झोपल्यावर बस, अर्धा तास मोकळा पाहिजे, मधेच बंद करायचं नाही. टाकीतला पाण्याचा फिल्टर आधी काढ, नाहीतर तो फुकट जातो. नळीखाली मोठं पातेलं ठेव, दोन लिटरचं, छोटं ठेवलंस तर ओटाभर पाणी, आणि शेवटी स्वच्छ पाणी फिरवायचं सांगतं ते पूर्ण फिरव. औषध बाटलीतलं मशीनचंच वापर. आई म्हणेल लिंबूसत्व टाक, मी तिला समजावलंय, गरम झालं की लिंबूसत्व आणि त्या पाण्यातलं कॅल्शियम मिळून एक वेगळाच पांढरा गाळ होतो आणि तो गरम पाण्यात विरघळत नाही, बारीक नळीत जाऊन बसतो. किटलीला चालेल, पण गार पाण्यातच. व्हिनेगरने रबर खराब होतं आणि आठवडाभर कॉफीला लोणच्याचा वास. फिल्टर पण बदल, त्याचे दोन महिने कधीच झाले.

दुधाची नळी रोज. दुधाची कॉफी झाली की लगेच ते क्लीनचं बटण, आणि रात्री नळी आणि तोटी सुटी करून गरम पाण्यात. तू थकतेस मला माहितीये, मग दोन दिवस दुधाची नको पिऊस, काळी पी, पण नळीत दूध ठेवून झोपू नकोस. आणि जावईबापू पिल्लूच्या बाटलीला मशीनचं गरम पाणी घेतात ते बंद करायला सांग, त्या तोटीतून काय काय जातं ते मी आतून बघितलंय. किटलीतलंच पाणी उकळून घ्या.

बाकी पहाटे पाचला तो ग्राइंडर घर्रर्र करायचा तेव्हा पिल्लू दचकायचा म्हणून मी रात्रीच एक कप दळून ठेवायला लागलो होतो ते आठवतं का? सकाळी त्या झाकणातून टाकायची, आवाज कमी. पहिल्या कपाची चव जराशी उतरते पण झोप राहते. ते चालू ठेव. तू पिल्लूला खांद्यावर घेऊन खिडकीशी उभी असायचीस आणि मी ट्रेमधलं पाणी ओतत असायचो, बाहेर अजून अंधार. तुझ्या त्या कॅपुचिनोवर आई जायफळ किसायची आणि तू म्हणायचीस आता कशी दहावीच्या अभ्यासाला उठल्यासारखी वाटते.

ग्रीसची ट्यूब चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये मागे, गोळ्या मसाल्याच्या कपाटात सगळ्यात वर (खाली ठेवू नका, तो रांगायला लागेल आता), आणि वरच्या कपाटाच्या दाराला आतून मी एक कागद चिकटवलाय, त्याच्यावर तारखा आहेत, माझ्या अक्षरातल्या एप्रिलमध्ये संपतात. ठोकळा धुवायच्या आधी वडीचा आणि जाळीचा फोटो काढून पाठव. तुमच्याकडे सकाळचे सहा म्हणजे इकडे साडेनऊ, मी जागाच असतो.

बाबा

ता.क. आई विचारतेय जायफळ उरलंय का संपलं. आत्याचा मुलगा ऑगस्टमध्ये येतोय तिकडे, त्याच्याबरोबर पाठवता येईल.