‘क्वचित, थोडी’ वाढणारी साखर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला ‘कर्करोगाचं बटण सापडलं’ हा लेख दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं माझ्याच वाचण्यात चूक होतेय. शेवटाकडे एक वाक्य आहे : ‘किमोथेरपीसारखे दुष्परिणाम या गोळ्यांनी होत नाहीत, क्वचित रक्तातली साखर थोडी वाढते.’ त्या ‘क्वचित’ आणि ‘थोडी’ या दोन शब्दांमुळे रात्रभर झोप लागली नाही, म्हणून सकाळी उठून हे पत्र लिहायला बसले.

माझी मोठी बहीण हीच गोळी घेत होती. अल्पेलिसिब, ३०० मिलिग्रॅम, रोज एकदा, जेवणाबरोबर. स्तनाचा कर्करोग हाडांत पसरलेला, गाठीच्या तपासणीत पीआयके३सीए जनुकात बदल सापडलेला, म्हणजे तुमच्या लेखातली अगदी तीच रुग्ण. तिला मधुमेह नव्हता. साखर काठावर असल्याचं एका जुन्या रिपोर्टवर होतं, पण तो कोणी मागितला नाही आणि आम्हीही दाखवला नाही. गोळी सुरू करताना आम्हाला दोनच गोष्टी सांगितल्या : अंगावर पुरळ उठेल आणि जुलाब होतील. पुढची भेट महिन्याने.

बाराव्या दिवसापासून ताईची तहान भागेना. उशाशी दोन तांबे भरून ठेवले तरी पहाटेपर्यंत रिकामे. रात्रीतून पाच-सहा वेळा उठायची. औषध उष्ण पडतंय असं आम्ही ठरवून टाकलं आणि तिला फळांचे रस पाजत राहिलो. मीच पाजत होते. सोळाव्या दिवशी संध्याकाळी ती बोलता बोलता साधे शब्द विसरायला लागली. शेजाऱ्यांकडून साखर तपासायचं मशीन आणलं, बोटाला टोचून पट्टीवर थेंब घेतला, तर आकडा येण्याऐवजी पडद्यावर नुसतं ‘हाय’ आलं. मशीन बिघडलं समजून दुसरी पट्टी लावली. पुन्हा ‘हाय’. साखर सहाशेच्या वर गेली की ते मशीन आकडा दाखवतच नाही, हे त्या रात्री इमर्जन्सीतल्या निवासी डॉक्टरांनी सांगितलं. सलाइन जोडता जोडता त्यांनी विचारलं, ‘ही गोळी चालू आहे आणि उपाशीपोटीची साखर एकदाही बघितली नाही?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता ‘क्वचित’विषयी. ज्या चाचणीवर या औषधाला २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, तिच्यात औषध घेणाऱ्या शंभरातल्या जवळजवळ ६४ जणांची साखर वाढली आणि ३६ ते ३७ जणांची गंभीर पातळीपर्यंत गेली. हे आकडे तेव्हापासून छापील आहेत, कोणालाही वाचता येतात. तुमच्या लेखकाने आजार थोपवून धरल्याचे महिने त्याच चाचणीतून उचलले, ५.७ चे ११ झाले, ते बरोबरच आहे. मग तिथलाच हा आकडा का नाही उचलला?

आणि हे होणारच होतं. लेख वाचून वाटतं की हे ‘बटण’ फक्त गाठीत असतं. ते आपल्या सगळ्या पेशींत असतं. पेशीच्या पातळ आवरणाला आतल्या बाजूने इनॉसिटॉल नावाचं सहा कार्बनचं छोटं कडं असलेले स्निग्ध रेणू असतात. पीआय३-किनेज हे एन्झाइम, म्हणजेच ते ‘बटण’, त्या इनॉसिटॉलच्या तिसऱ्या जागेवर एक फॉस्फेट चिकटवतं. तो चिकटला की एकेटी नावाचं प्रथिन तिथे येऊन जागं होतं, आणि पेशीला हुकूम सुटतात : वाढ, तग धर, साखर आत घे. पीटेन नावाचं दुसरं एन्झाइम तो फॉस्फेट काढून घेतं, की हुकूम थांबतात. गाठीत किनेज बिघडलं की ते थांबायचं नावच घेत नाही. पण इन्सुलिनचा निरोप पोचवायलाही शरीराकडे हीच वाट आहे. स्नायू साखर आत घेतात, यकृत साखर सोडायचं थांबतं, ते याच निरोपावर. त्यातही पीआयके३सीए जनुकातल्या बदलाने गाठीत बिघडणारं जे अल्फा जातीचं किनेज, तेच इन्सुलिनचं मुख्य काम करतं. ही गोळी नेमकी त्यालाच अडवते. गाठीतलं अडतं तसं यकृतातलंही अडतं. अमेरिकी संशोधक लुईस कँटली आणि सहकाऱ्यांनी तिसऱ्या जागेवरचा तो फॉस्फेट दाखवला १९८८ मध्ये. हे काही कालपरवा कळलेलं गुपित नव्हे.

लेखाशेजारची ‘साखर सोडा, गाठ उपाशी मारा’ ही चौकट तर मला जास्त धोक्याची वाटते. साखर चढली की स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं आणि ते इन्सुलिन गाठीत औषधाने बंद केलेली वाट पुन्हा काही प्रमाणात उघडू शकतं. कँटली यांच्याच गटाने २०१८ मध्ये हे उंदरांवर दाखवलं आणि कीटो आहाराची (पिष्ट आणि साखर अगदी कमी, स्निग्ध जास्त) जोड दिल्यावर औषध जास्त लागू पडलं. तुमची चौकट इथे संपते. त्याच अभ्यासात रक्ताचा कर्करोग असलेल्या उंदरांना औषधाशिवाय नुसता कीटो आहार दिला, तेव्हा आजार उलट जास्त वेगाने वाढला. घरात रुग्ण असलेला माणूस अशी चौकट कापून फ्रिजवर चिकटवतो. आम्हीही चिकटवली असती.

आणखी एक. ‘कुटुंबातील स्त्रियांनीही ही जनुक तपासणी करून घ्यावी’ हे कोणाला विचारून छापलं? स्तनाच्या गाठीत सापडणारा पीआयके३सीएचा हा बदल त्या गाठीतच घडलेला असतो, आईकडून मुलीकडे येत नाही. आनुवंशिक असतात ते बीआरसीएसारख्या जनुकांतले दोष, त्यांची तपासणी वेगळी. काल दुपारी भाचीचा रडत फोन आला, ‘मावशी, मलाही होणार का गं?’ तिची समजूत घालायला मला तासभर लागला.

हे औषध वाईट आहे, असं मी अजिबात म्हणत नाही. साखर उतरल्यावर ताईला तीच गोळी २५० मिलिग्रॅमवर, मेटफॉर्मिन या साखर उतरवणाऱ्या गोळीच्या जोडीने पुन्हा सुरू केली आणि पुढचे नऊ महिने तिच्या गाठी वाढल्या नाहीत. त्या नऊ महिन्यांत ती स्वतःच्या पायांनी फिरली. म्हणूनच जीव तोडून लिहितेय.

पुढच्या पुरवणीत, त्याच पानावर, त्याच आकाराच्या चौकटीत एवढं छापा : गोळी सुरू करण्याआधी उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) तपासा, पहिले दोन आठवडे दर आठवड्याला किमान एकदा उपाशीपोटीची साखर बघा, नंतरही चार आठवड्यांतून एकदा तरी, आणि तहान वाढली, लघवी वाढली तर पुढच्या भेटीची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

आपली,
एक नियमित वाचक